संकोच घालवायचा की सांभाळायचा? वॉर्डात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल

वॉर्ड_सात

सर्जरीच्या पोस्टिंगला नवी बॅच आली की पहिले दोन-तीन आठवडे तेच ते दिसतं. पोटाचे नऊ भाग घडाघडा म्हणून दाखवतील, पण जांघ उघडून पाहिलेली नसते. 'पीआर काय आहे?' (पीआर म्हणजे गुदद्वारातून बोटाने तपासणी) विचारलं की 'नॉर्मल आहे मॅडम', आणि ग्लोव्हचं पाकीट फोडलेलंही नसतं. स्टेथोस्कोप पदरावरूनच टेकवतात. बाईमाणसाला पाळीचं विचारताना आवाज इतका उतरतो की तिला ऐकूच जात नाही. ही मुलं आळशी नाहीत, अभ्यासही असतो. त्यांना लाज वाटते.

याउलट राऊंडला काही जण मुद्दाम सगळ्यांदेखत मुलांना शरमिंदं करतात. एकदा फजिती झाली की मुलगा तो मुद्दा जन्मभर विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे एकीकडे लाज शिकण्याच्या आड येते आणि दुसरीकडे आपण तीच शिकवण्याचं हत्यार म्हणून वापरतो. जे रोज क्लिनिक्स घेतात त्यांनी सांगावं: यातलं काय घालवायचं, काय राहू द्यायचं, आणि नेमकं कसं?

निळी_शाई

आधी शब्द वेगळे करू, कारण मराठीत या भावनेला एक नाही, चांगले चार-पाच शब्द आहेत आणि प्रत्येकाला उपाय निराळा लागतो. अनोळखी बाईच्या पोटाला हात लावताना मुलगा अवघडतो, तो संकोच. भलताच पाय तपासला आणि रुग्णानेच 'दुखतोय तो डावा' म्हणून सांगितलं की तो ओशाळतो. पंधरा जणांसमोर 'तुला ॲडमिशन दिली कुणी?' ऐकावं लागलं, तो पाणउतारा. आणि त्या रात्री होस्टेलवर 'आपली लायकीच नाही' हे डोक्यात घोळत राहतं, ती शरम. संकोच आणि ओशाळणं प्रसंगाला धरून असतं, प्रसंग सरला की सरतं. शरम माणसालाच चिकटते आणि तो त्या वॉर्डापासून, त्या विषयापासून पळायला लागतो.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५६ मध्येच मांडलं होतं की आपण चारचौघांत जी भूमिका निभावत असतो ती हातून निसटली की माणूस कानकोंडा होतो. वैद्यकीय विद्यार्थ्याचं रोज तेच होतं. अंगात एप्रन आहे, गळ्यात स्टेथोस्कोप आहे, रुग्ण 'डॉक्टर' म्हणून हाक मारतो, आणि आत मात्र काहीच येत नसतं. ही फट जितकी मोठी तितकं अवघडलेपण जास्त. म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णाला 'मी विद्यार्थी आहे, शिकतोय' असं सांगायला लावावं. ते रुग्णाच्या हक्काचं आहेच, आणि मुलाच्या खांद्यावरचं निम्मं ओझं तिथेच उतरतं.

आता हे राहू का द्यायचं. मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर यांच्या १९९५ च्या अभ्यासात ओशाळलेल्या चेहऱ्याचा एक ठरावीक क्रम दिसला: नजर खाली, हसू दाबायचा प्रयत्न, मान वळणं, कधी चेहऱ्याला हात. समोरच्याला त्यातून कळतं की याला नियम माहीत आहे आणि चुकल्याचं याला जाणवलंय. त्यामुळे समोरचा निवळतो. रुग्णही निवळतात. रुग्णाच्या अंगावरचं पांघरूण बाजूला करताना ज्याला पहिल्याच दिवशी काहीही वाटत नाही, त्याच्याकडे मी तरी जास्त लक्ष ठेवीन. संकोच म्हणजे समोरच्याच्या लाजेची जाण आहे. ती मारून टाकली तर बिनदिक्कत तपासणारा, पण पडदा ओढायचं विसरणारा डॉक्टर तयार होतो.

एक सूचना. 'लाजू नकोस' हे वाक्य वापरू नका. गाल लाल होणं, कान तापणं, छातीत धडधडणं हे सगळं सिम्पथेटिक (आपोआप चालणाऱ्या) मज्जासंस्थेचं काम आहे, इच्छेने थांबत नाही. लाजू नको म्हटलं की लक्ष स्वतःच्या चेहऱ्याकडे जातं आणि आणखी वाढतं. लक्ष बाहेर न्यायचं. 'श्वास मोज', 'यकृताची कडा कितव्या बोटाला लागते ते सांग' असं नेमकं काम दिलं की हात आणि डोळे गुंततात आणि मन त्यांच्या मागे जातं. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात दाखवणं, बघणं, मदत करणं, मग स्वतः करणं हा जो क्रम दिलाय तो या दृष्टीने फार उपयोगी आहे. आपण बहुतेकदा मधल्या दोन पायऱ्या गाळतो आणि मग मुलं बुजतात म्हणतो.

टाका_दोरा

सर्जरीपुरतं सांगतो. माझ्या मते सगळा प्रश्न परकराच्या नाडीशी येऊन थांबतो.

बाई उताणी झोपते, नाडी बेंबीखाली चार बोटांवर घट्ट बांधलेली असते. विद्यार्थी नाडीच्या वरचं पोट तपासतो आणि तिथेच थांबतो. आता म्हातारी बाई आहे, उलट्या होतायत, पोट फुगलंय, एक्स-रेमध्ये हवा-पाण्याच्या पातळ्या (आतडं अडल्याची खूण) दिसतायत आणि आधी कधी ऑपरेशन झालेलं नाही. अशा वेळी कारण नेमकं नाडीच्या खाली असू शकतं: बोराएवढा फीमोरल हर्निया (जांघेत आतड्याचा भाग बाहेर येऊन झालेली गाठ), प्यूबिक ट्यूबरकलच्या (जांघेच्या आतल्या टोकाशी हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्याच्या) खाली आणि बाहेरच्या अंगाला. तो लहान असतो, खोकल्यावर बऱ्याचदा हलतही नाही, आणि बाई आपण होऊन दाखवत नाही. नाडी सोडायला लावायचा संकोच वाटला म्हणून आतडं सडायची वेळ येते.

करायचं असं. चादर आधी गुडघ्यांपासून वर ओटीपर्यंत पसरायची. मग म्हणायचं, 'मावशी, नाडी तुम्हीच सैल करा.' गाठीला आपण हात लावायचा नाही. नाडी सैल झाली की चादरीखालून परकर खाली सरकवायचा, एका वेळी एकच जांघ उघडायची, मधला भाग पूर्ण वेळ झाकलेला. बघून झालं की ती झाकून दुसरी. या पद्धतीत बाईला कमी लाज वाटते आणि मुलालाही, आणि तपासणी मात्र पूर्ण होते.

पुरुषांच्या हर्नियाचंही तेच. मुलं झोपवूनच तपासतात, कारण उभं करून तपासायचं तर वाकून तोंडासमोर पाहावं लागतं आणि तेच नको असतं. पडद्याआड एक स्टूल ठेवा. विद्यार्थी स्टुलावर, रुग्णाच्या किंचित बाजूला बसला की हात योग्य उंचीवर येतो आणि अवघडलेपण जातं.

पीआर बहुधा राहून जातं ते साहित्यामुळे. रुग्णाला कुशीवर केल्यावर कळतं की जेली नाही, मग धावाधाव, रुग्ण तसाच उघडा, आणि पुढच्या वेळी मुलगा त्या वाटेलाच जात नाही. म्हणून ट्रे आधी भरायचा: ग्लोव्हज, लिग्नोकेन जेली, गॉजचे चार तुकडे, टॉर्च, किडनी ट्रे, चादर. पडदा ओढायचा. मग रुग्णाला मराठीत, पूर्ण वाक्यात सांगायचं: 'आजोबा, डाव्या कुशीवर व्हा, गुडघे पोटाशी घ्या. संडासच्या जागेतून बोटाने तपासायचंय. हातमोजा घातलाय, जेली लावलीय. संडासला आल्यासारखं वाटेल, पण होणार नाही. नको वाटलं तर थांबा म्हणा, मी थांबेन.' आधी बाहेरून नीट बघायचं. फिशर (गुदद्वाराची चीर) दिसलं, किंवा नुसत्या स्पर्शानेच रुग्ण कळवळला, तर बोट घालायचं नाही, वरिष्ठाला बोलवायचं. नसेल तर बोटाचा मऊ भाग कडेवर टेकवून थांबायचं, 'जोर करा' म्हणायचं, स्नायू ढिला पडला की हळूच आत. घाबरलेली मुलं इथेच चुकतात, टोक सरळ खुपसतात, रुग्ण आवळतो, दुखतं, आणि दोघंही 'झालं' म्हणून सुटका करून घेतात. आत गेल्यावर चारही बाजूंनी फिरवायचं, आणि बाहेर काढल्यावर ग्लोव्हवर रक्त, शेम आहे का ते बघायचं. बोट साधारण ७-८ सेंटीमीटरपर्यंत पोचतं. तेवढ्यात हाताला लागला असता असा गुदाशयाचा कर्करोग 'मूळव्याध' म्हणून महिनोन्महिने मलमावर काढलेला दिसतो, तेव्हा फार वाईट वाटतं.

आणि ज्या स्टेथोस्कोपचं तुम्ही लिहिलंत, तो जन्मालाच मुळी संकोचातून आलाय. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लेनेक यांच्यापुढे हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुण, अंगाने स्थूल बाई होती. छातीला थेट कान लावायची तेव्हा पद्धत होती, ती त्यांना तिच्या वयामुळे प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक छातीला आणि दुसरं कानाला लावलं, आणि नुसत्या कानापेक्षा स्पष्ट ऐकू आलं. १८१९ मध्ये त्यावरचा त्यांचा ग्रंथ आला. मुलांना हे आवर्जून सांगावं. लेनेक यांना संकोच वाटला, पण त्यांनी तपासणी टाळली नाही, तिची पद्धत बदलली. पदरावरून ऐकणारा मुलगा तपासणीच टाळतो. कापड घासल्याचा आवाज क्रेप्ससारखा (आजारी फुप्फुसातल्या चुरचुरीसारखा) लागतो आणि नसलेला न्यूमोनिया कागदावर येतो. पदराखालून, रुग्णालाच कापड उचलून धरायला सांगून, स्टेथोस्कोपची चकती (डायफ्राम) कातडीवर टेकवायला शिकवा.

रानजाई

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत. स्त्रीरोग विभागात मात्र हातापेक्षा जीभ जास्त अडखळते.

मुलं इंग्रजी शब्द पाठ करून येतात आणि ते मराठीत म्हणायची वेळ आली की वाक्य अर्धवट सोडतात: 'ते... तसं काही... होतं का?' बाई 'नाही' म्हणते आणि कागदावर 'नथिंग सिग्निफिकंट' येतं. तिच्याकडे शब्द असतात, आपल्या मुलांकडे नसतात. अंगावरून पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, अंगावर जास्त जाणं, कावळा शिवणं, पोट राहणं, पोट पाडणं, लघवीची जागा, आतली जागा. नवऱ्याला बऱ्याच जणी 'मालक' किंवा नुसतं 'हे' म्हणतात. हे शब्द ट्युटोरियल रूममध्ये जोड्या करून, मोठ्याने, दहा-दहा वेळा म्हणून घ्या. पहिल्या तीन वेळा मुलं हसतात, हसू द्या. सातव्या-आठव्या वेळेपर्यंत तो साधा शब्द झालेला असतो. रुग्णासमोर हसू फुटण्यापेक्षा तिथे फुटलेलं बरं.

विचारण्याला क्रम ठेवा. लघवी, मग पाळी, मग पांढरं, आणि शेवटी संबंध. त्या प्रश्नाआधी एक वाक्य हवं: 'हे मी सगळ्यांनाच विचारते, उपचारासाठी लागतं.' मग सरळ: 'मालकांशी संबंध येतो तेव्हा दुखतं का? नंतर रक्त जातं का?' हा दुसरा प्रश्न गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे आणि संकोचापायी सगळ्यात जास्त तोच गळतो. सासूबाई शेजारी बसलेल्या असतील तर 'तपासायचंय, जरा बाहेर बसता का' असं म्हणून आधी जागा मोकळी करा. आणि 'लग्न झालंय का' हा प्रश्न संबंधांच्या प्रश्नाऐवजी वापरू देऊ नका. दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात, आणि अविवाहित मुलगी त्या एका प्रश्नाने गप्प होते.

स्तनांची तपासणी बसवून सुरू करायची. दोन्ही बाजू एकाच वेळी उघड्या, कारण तुलना करायची असते: हात खाली, मग डोक्यावर, मग कमरेवर दाबून. कातडी कुठे ओढली जातेय ते यातच दिसतं. बघून झालं की लगेच झाकायचं, झोपवायचं, आणि मग एका वेळी एकच बाजू. मधल्या तीन बोटांच्या सपाट भागाने, चारही भाग, काखेकडचं टोक, बोंडाखालचा भाग, शेवटी काख. संकोचलेला विद्यार्थी नेमकं उलट करतो. बघताना एकच बाजू उघडतो, आणि चाचपताना बोटांच्या चिमटीत धरतो. चिमटीत कुठलीही गाठ वाटते.

पुरुष विद्यार्थी असो वा डॉक्टर, सिस्टर किंवा वॉर्डातली मावशी (आया) जवळ हवीच, आणि तशी नोंद केसपेपरवर. बलात्कार किंवा लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीत अठरा वर्षांखालची मुलगी असेल तर पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम २७ नुसार तपासणी महिला डॉक्टरनेच करायची आणि पालक किंवा मुलीच्या विश्वासातलं माणूस सोबत हवं. इथे 'शिकण्यासाठी' म्हणून गर्दी चालत नाही.

आणखी एक, मनापासून. लाज चुकवण्याचा एक आडमार्ग जगभर वापरला गेलाय: भूल दिलेल्या बाईची आतली तपासणी विद्यार्थ्यांकडून, तिला न विचारता करून घेणं. विद्यार्थ्याला ओशाळावं लागत नाही, कारण बघणारे डोळे मिटलेले असतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये याला कायद्याने मनाई केली, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या केंद्रीय आरोग्य खात्याने अशा तपासणीसाठी रुग्णाची लेखी संमती हवी, असं रुग्णालयांना बजावलं. आपल्याकडेही ऑपरेशनच्या संमतीत हे आपोआप येतं असं कुणी समजू नये. आदल्या दिवशी, ती शुद्धीत असताना, विचारायचं. चांगला मार्गही आहे. आयोवा विद्यापीठात १९७० च्या दशकापासून प्रशिक्षित स्त्रिया स्वतःच्या शरीरावर तपासणी शिकवू लागल्या, 'इथे दुखलं, स्पेक्युलम (आत बघायचं उपकरण) असा धर' असं जागच्या जागी सांगत. आपल्याला तूर्त स्किल लॅबचं मॉडेल आहे. मॉडेलशीही बोलत बोलत तपासायला लावा, नाहीतर हात शिकतो आणि तोंड शिकत नाही.

जुना_एप्रन

तपासणीबद्दलचं सगळं मान्य. प्रश्न विचारण्याबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. मध्यरात्री कॅज्युअल्टीत रुग्ण फिकट पडत असताना कुणी गोड बोलून विचारणार नाही. दबावाखाली आठवण्याची सवय राऊंडलाच लागते. आणि आपल्याला येत नाही हे चारचौघांत उघडं पडणं वाईट नाही. त्याने मुलगा संध्याकाळी पुस्तक उघडतो. प्रश्न मऊ केले तर मुलं मऊ राहतील, ही भीती खरी आहे.

निळी_शाई

प्रश्न कडकच हवेत, यात दुमत नाही. पाणउतारा हा कडकपणा नव्हे, इतकंच. माणूस ओशाळला की तो ज्या विचारावर काम करत असतो त्यातली बरीच जागा 'लोक काय बघतायत' याने व्यापते. तेव्हा दिलेली माहिती नीट बसत नाही. बसतो तो प्रसंग. 'जन्मभर आठवतं' हे खरं, पण बहुतेकांना ओरडा आठवतो, पोटॅशियमचा डोस आठवत नाही.

कडक आणि तरी चांगलं विचारायचं असेल तर काही गोष्टी पाळाव्यात. कनिष्ठापासून वर जावं. आधी तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, मग इंटर्न, मग जेआर (ज्युनियर रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारा निवासी डॉक्टर). उलट केलं तर जेआरला न आलेलं उत्तर विद्यार्थी देतो आणि जेआरचा राग पुढे आठवडाभर त्या मुलावर निघतो. प्रश्न विचारल्यावर थांबावं. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळांचे वर्ग ऐकून दाखवलं होतं की शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि ते तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. पलंगापाशी मनात पाच आकडे मोजा. उत्तर चुकलं तर 'हे कशावरून वाटलं?' विचारा. तिथेच कळतं की माहिती नाही की माहिती आहे पण जोडता येत नाही. आणि तो पलंग सोडण्याआधी त्याच मुलाला त्याला जमेल असा एक प्रश्न विचारा. पराभव घेऊन तो पुढच्या पलंगाकडे जाता कामा नये, नाहीतर पुढचे वीस मिनिटं तो तिथे नसतोच.

विद्यार्थ्याच्या कौशल्याबद्दल रुग्णासमोर बोलू नये. रुग्णाला मराठी कळतं. 'याला काही येत नाही' ऐकल्यावर तो उद्या या मुलाला सुई लावू देणार नाही. हात चुकीचा पडत असेल तर थांबवणं भागच आहे, पण 'थांब, माझा हात बघ' एवढं पुरतं. बाकीचं कॉरिडॉरमध्ये, दोन मिनिटं, एकट्याला, आणि कृतीबद्दल: 'तू न विचारता पांघरूण काढलंस.' 'तू निष्काळजी आहेस' नव्हे.

सुई_आणि_बाटली

शरमेची खरी किंमत बघायची असेल तर सुई टोचल्यानंतरचे दोन तास बघा. इंटर्न रक्त घेतो, टोपण परत लावायला जातो, अंगठ्याला टोचते. टोपण परत लावायचं नसतं हे त्याला शिकवलेलं असतं, म्हणून तो सांगत नाही. स्पिरिट चोळतो, ग्लोव्ह बदलतो, ड्युटी पूर्ण करतो. एचआयव्हीसाठीचा प्रतिबंधक औषधांचा पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत जायला हवा, पुढे २८ दिवस. हेपटायटिस बीची लस पूर्ण नसेल किंवा टायटर (रक्तातली प्रतिपिंडांची पातळी) १० च्या खाली असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) शक्यतो २४ तासांत. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास लागण होण्याचं प्रमाण साधारण ०.३ टक्के, म्हणजे कमी आहे. पण औषधाचा उपयोग वेळेवर घेतलं तरच.

म्हणून पहिल्याच दिवशी एकच वाक्य पक्कं करून घ्या: 'मला आत्ता सुई टोचली, बदली माणूस द्या.' कसं टोचलं हा प्रश्न पहिल्या दोन तासांत कुणीही विचारायचा नाही, ना सिस्टरने, ना जेआरने. जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, चोखायची नाही, स्पिरिट-ब्लीच लावायचं नाही. मग थेट कॅज्युअल्टी, स्वतःचं रक्त तपासणीला, रुग्णाचं त्याच्या संमतीने. कारणांची चर्चा दुसऱ्या दिवशी, आणि तीही शार्प्सचा (वापरलेल्या सुया टाकायचा) डबा पलंगापासून किती लांब होता इथून सुरू करा. बऱ्याच वेळा डबा हाताशी नसतो म्हणूनच टोपण लावलं जातं.

वॉर्ड_सात

सगळ्यांचे मनापासून आभार. नाडीचं आणि शब्द दहा वेळा म्हणून घेण्याचं उद्यापासूनच. एकच राहिलं: बॅच पंधरा जणांची आहे आणि चांगल्या केसेस तीन-चार. एका रुग्णाभोवती किती मुलं ठेवायची?

टाका_दोरा

पोट, छाती, पाय असेल तर पाच. पीआर, स्तन, हर्निया असेल तर तुम्ही, एक विद्यार्थी आणि सिस्टर, बस. बाकीचे पडद्याबाहेर, त्याच वेळात दुसऱ्या केसची हिस्टरी घेत. एका रुग्णाची अशी तपासणी दिवसाला एकाच विद्यार्थ्याने करायची, फार तर दोघांनी, आणि दुसऱ्याच्या वेळी परत विचारायचं. एकदा हो म्हणणं म्हणजे पंधरा वेळा हो नव्हे. परवानगी मागताना मुलं रांगेने मागे उभी नकोत, बाईला नाही म्हणता येत नाही. तुम्ही एकट्या जा, तिच्या उशाशी उभ्या राहा, नावाने हाक मारा, आणि 'नको म्हटलंत तरी औषध-ऑपरेशनमध्ये काही फरक पडणार नाही' हे विचारण्याच्या आधी सांगा, नंतर नाही. नको म्हणाली तर तो पलंग त्या दिवशी वगळा आणि का वगळला ते बाहेर मुलांना सांगा.